जुन्या गाडीतला नवा पाहुणा

कवितेच्या माणसाला बोलायला बोलावलं की तो कवितेवरच बोलणार असं सगळे धरून चालतात. आज मी मोटारीवर बोलणार आहे. खरं सांगायचं तर मोटारीतल्या एका फटीवर. ही फट १८ सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर उंच असते. तिच्यात रेडिओ बसतो. या एवढ्याशा जागेवरून माझ्या एका मित्राच्या घरात दोन महिने वाद चालला होता.

मित्राच्या वडिलांनी, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, १९९६ साली मर्सिडीज घेतली. ई-२२० हे तिचं नाव. जाणकार मंडळी त्या पिढीला डब्ल्यू-१२४ म्हणतात. या कंपनीने १९९४ साली टेल्कोबरोबर भागीदारी केली आणि १९९५ पासून हीच गाडी पुण्यात टेल्कोच्या आवारात जुळवायला सुरुवात झाली. म्हणजे आराखडा जर्मनीतला, पण नट-बोल्ट आवळणारे हात आपल्या मातीतले. अण्णांना याचा फार अभिमान होता. दर रविवारी ते स्वतः गाडी पुसायचे, बोनेटपेक्षा आतला लाकडी डॅशबोर्ड जास्त वेळ पुसायचे.

अण्णा गेले. गाडी मुलाकडे आली. त्याला आईला घेऊन कोकणात गावी जायचं असतं. वाट दाखवणारा नकाशा हवा, फोनमधली गाणी ऐकायला हवीत, फोन आला तर हात न लावता बोलता यायला हवं. मागणी रास्तच आहे. तो मला घेऊन एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात गेला. दुकानदाराने मोठा चकचकीत पडदा काढून दाखवला. दर सांगितला आणि म्हणाला, "फक्त थोडं लाकूड कापावं लागेल. तासाभराचं काम." त्याच्या पोराने कटर आणलासुद्धा. मागच्या सीटवर बसलेल्या काकू तोवर गप्प होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "लाकडाला हात लावायचा नाही." आम्ही तिघंही परत आलो.

घरी आल्यावर मित्र चिडून म्हणाला, "आईला फक्त आठवणी सांभाळायच्या आहेत." मलाही आधी तसंच वाटलं. पण पुढे जी माहिती मिळत गेली, त्यावरून लक्षात आलं की व्यवहाराच्या बाजूनेही काकूंचंच बरोबर होतं. ते कसं, हे सांगण्यासाठी हा सगळा खटाटोप.

आधी त्या फटीकडे येऊ. मोटारीत रेडिओ बसवण्याची हौस जुनी आहे. अमेरिकेत १९३० साली गॅल्विन बंधूंच्या कारखान्याने मोटारीसाठी रेडिओ काढला आणि त्याला मोटोरोला असं नाव दिलं. पुढे तेच कंपनीचं नाव झालं. त्या काळचे सेट काचेच्या व्हॉल्व्हचे आणि अवजड. ज्याची त्याची मापं वेगळी, त्यामुळे प्रत्येक गाडीत सुतारकाम आणि लोहारकाम आलंच. मग जर्मनांनी एक प्रमाण माप ठरवलं: १८० बाय ५० मिलिमीटर. पुढे जगाने ते स्वीकारलं. बाजारात त्याला 'सिंगल डिन' म्हणतात. डिन हे जर्मनीच्या प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेचं नाव. आजचे पडदे 'डबल डिन', म्हणजे १८० बाय १०० मिलिमीटर. अण्णांच्या गाडीतली जागा सिंगल डिनची. दुप्पट उंचीची वस्तू त्यात घालायची तर वर किंवा खाली कापणं आलं. दुकानदार खोटं बोलत नव्हता. फक्त कापलेलं लाकूड परत जुळत नाही, हे त्याने सांगितलं नाही.

आता खरा प्रश्न. या दोन वस्तूंपैकी जास्त टिकणार कोणती? नकाशाचा इतिहास पाहिला की उत्तर मिळतं. १९८१ साली जपानमध्ये होंडाने मोटारीत वाट दाखवणारं यंत्र बसवलं. त्यात उपग्रह नव्हता. गाडी किती वळली आणि किती चालली, हे मोजून यंत्र जागा सांगायचं आणि पडद्यापुढे पारदर्शक नकाशा असायचा. पुढे नकाशे सीडीवर आले, मग डीव्हीडीवर. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह होतेच, पण सामान्य माणसाला मिळणारा संदेश मुद्दाम अंधुक ठेवलेला असे. मे २००० मध्ये तो पडदा काढला गेला आणि चूक काही मीटरवर आली. त्यानंतर घरोघरच्या गाड्यांत ही यंत्रं खपू लागली.

ती यंत्रं आज कुठे आहेत? वीस वर्षांपूर्वी महागड्या गाड्यांत बसवलेले डीव्हीडीचे नकाशे आज जुन्या वेळापत्रकासारखे झालेत. नवे पूल, नवे बाह्यवळण रस्ते त्यांना ठाऊकच नाहीत. आणखी एक गंमत आहे. जीपीएसचे उपग्रह तारीख सांगताना आठवडे मोजतात, आणि मूळ योजनेत ही मोजणी ० ते १०२३ एवढीच जाते. १०२४ आठवडे झाले, म्हणजे सुमारे साडेएकोणीस वर्षं, की काटा पुन्हा शून्यावर. ऑगस्ट १९९९ मध्ये असं झालं, एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा झालं. त्या वेळी कित्येक जुनी यंत्रं तारखेत दोन दशकं मागे गेली. गाड्या मात्र धडधाकट चालत होत्या.

म्हणजे गाडी तीस वर्षांची आणि ठणठणीत, आणि तिच्यात बसवायचा पडदा सात-आठ वर्षांत म्हातारा होणार. जे पुष्कळ टिकणार आहे, ते थोडं टिकणाऱ्यासाठी कापू नये. काकूंनी हा हिशेब मांडला नव्हता, पण त्यांच्या एका वाक्यात तो होता.

मग नवं काही करायचंच नाही का? तसं नाही. नकाशासाठी वेगळ्या यंत्राची आता गरजच उरलेली नाही. खिशातला फोन ते काम करतो. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह सतत वेळ सांगत असतात. किमान चार उपग्रहांचे संदेश किती फरकाने पोचले, यावरून फोन आपली जागा काढतो. हे संदेश फार क्षीण असतात. काच, लाकूड, प्लॅस्टिक यांतून ते आत येतात, लोखंडी पत्र्यातून येत नाहीत. म्हणून फोन किंवा जीपीएसचा अँटेना समोरच्या काचेजवळ हवा, पत्र्याखाली नको. बोगद्यात तो गोंधळणारच.

इथे बऱ्याच जणांची एक गफलत होते. जागा कळायला मोबाइलची रेंज लागत नाही. नकाशाचं चित्र उतरवायला लागते. ताम्हिणी घाटात रेंज गेली की पडद्यावर निळा ठिपका असतो आणि भोवती नुसता कोरा रंग. त्यावर उपाय सोपा. निघण्याआधी घरीच त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा. आणि फोन स्टँडवर असावा, हातात नव्हे. २०२० साली नियमांत दुरुस्ती झाली, तीनुसार गाडी चालवताना हे साधन फक्त वाट पाहण्यासाठी वापरता येतं, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने.

आता आवाजाकडे येऊ. नव्या सेटच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, '५० वॉट गुणिले ४'. म्हणजे २०० वॉट. पण सेटच्या मागचा फ्यूज पाहा. समजा तो १० अँपिअरचा आहे. गाडी चालू असताना तारेत साधारण १४ व्होल्ट असतात. चौदा दाहे एकशे चाळीस. आत जाणारी वीजच १४० वॉटपेक्षा जास्त नाही, तर बाहेर २०० वॉट सतत कुठून निघणार? तो आकडा क्षणभराच्या उसळीचा असतो. ज्याला खरंच मोठा आवाज हवा त्याला वेगळा अँप्लिफायर लागतो, आणि त्याची जाड तार थेट बॅटरीपासून, बॅटरीजवळच फ्यूज घालून आणावी लागते. जुन्या तारेवर हा बोजा टाकला तर ती तापते. तीस वर्षांत तारेवरचं वेष्टण ठिसूळ झालेलं असू शकतं. जुन्या गाड्यांना लागणाऱ्या आगींच्या मुळाशी पुष्कळदा अशीच एखादी सोलून पिळलेली, चिकटपट्टी गुंडाळलेली तार असते. म्हणून जोड द्यायचा तो कपलर लावून किंवा नीट सोल्डर करून.

दुसरी गोष्ट बॅटरीची. सेटला विजेच्या दोन तारा येतात. एक किल्ली फिरवल्यावर जागी होते, दुसरी घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवण्यासाठी कायम जागी असते. गाडी बंद असतानाही सगळी नवी साधनं मिळून ५० मिलिअँपिअर घेत असतील, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास गेले. ६० अँपिअर-तासांची बॅटरी ५० दिवसांत पूर्ण रिकामी होते, आणि स्टार्टर फिरवण्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी जाते. रोजच्या गाडीत हे जाणवत नाही. जुनी गाडी मात्र महिना-महिना झाकून ठेवलेली असते. मालक म्हणतो, गाडी रुसली. खरं तर पाहुणा रात्रभर दिवा लावून बसलेला असतो.

याहून जुन्या गाड्यांत आणखी सांभाळावं लागतं. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत, जॅग्वार मार्क टूसारख्या, बॅटरीचं धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं असे. आजचे सेट ऋण टोक अंगाला आहे असं धरून बनवतात. न पाहता जोडलं की नवा सेट जळून जातो. काही जुन्या गाड्या तर ६ व्होल्टच्याच आहेत. तेव्हा आधी मीटर लावून तपासायचं, मग पक्कड हातात घ्यायची.

स्पीकर हा तिसरा विषय. अण्णांच्या गाडीत पुढचे स्पीकर डॅशबोर्डच्या दोन टोकांना जाळीखाली आहेत, मागचे मागच्या काचेखालच्या फळीत. नव्या स्पीकरसाठी दारं कापण्याचा सल्ला लोक सर्रास देतात. बहुतेक वेळा गरज नसते. जुन्या स्पीकरच्या कडेचा फोम भुगा होऊन गळतो आणि आवाज फाटतो. त्याच मापाचा नवा स्पीकर त्याच जाळीखाली बसतो. मात्र धन-ऋण टोकं नीट जोडायची. एक उलटा लागला तर एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि तबल्याचा डग्गा ऐकूच येत नाही. दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावून पाहावा. पडदा बाहेर आला की सेलचं धन टोक जिथे लावलं ते धन.

आता उरला मूळ सेट. इथे तीन वाटा आहेत. पहिली, त्याच मापाचा, जुन्या चेहऱ्याचा पण आतून नवा सेट घ्यायचा. असे सेट मिळतात. पोर्शसारख्या कंपनीने तर २०२० साली स्वतःच्या जुन्या गाड्यांसाठी त्याच फटीत बसणारा, छोट्या पडद्याचा, नकाशासह सेट काढला. दुसरी वाट, नवा अँप्लिफायर सीटखाली किंवा डिकीत लपवायचा आणि जुना सेट शोभेला जागेवर ठेवायचा. तिसरी वाट, जुन्याच सेटच्या पोटात ब्लूटूथची लहानशी पट्टी बसवायची. कॅसेटचा आवाज ज्या वाटेने अँप्लिफायरकडे जात होता, त्याच वाटेने फोनचा आवाज सोडायचा. चौकट, बटणं, दिवा सगळं तेच राहतं.

तिन्हीत एक अट समान आहे: केलेलं काम उद्या काढून मूळ रूप परत आणता आलं पाहिजे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, फिवाने, जी ट्यूरिन सनद केली तिचाही आग्रह असाच आहे. तिने हा विचार घेतला तो जुन्या वास्तू जपण्यासाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिस सनदेकडून. आपल्याकडेही २०२१ साली व्हिंटेज वाहनांचे नियम आले. ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात राखलेली, सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार न केलेली गाडीच त्यात बसते. अण्णांची गाडी २०४६ साली पन्नाशीची होईल. तेव्हा तिला कोण चालवत असेल ठाऊक नाही. पण त्याच्यासाठी आज काही शाबूत ठेवणं आपल्या हातात आहे.

गझल लिहिणाऱ्याला ही अडचण ओळखीची आहे. रदीफ ठरलेला, काफिया ठरलेला, मात्रा मोजलेल्या. म्हणून नवं काही म्हणता येत नाही असं नाही. जागा तेवढीच आहे हे मान्य करून म्हणावं लागतं.

आम्ही तिसरी वाट धरली. एक म्हातारे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ मिळाले. त्यांनी सेट उघडला. कॅसेट फिरवणारा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता, पण रेडिओ आणि अँप्लिफायर ठीक होते. चार दिवसांनी सेट परत आला. लाकडावर ओरखडाही नव्हता. फोन स्टँडवर लावला, नकाशा चालू केला, आणि "पुढे डावीकडे वळा" हा आवाज अण्णांच्या स्पीकरमधून आला.

कोकणात निघताना मित्र गाडी चालवत होता, काकू पुढे बसल्या होत्या. आवाज जरा मोठा होता. काकूंनी हात पुढे केला आणि तेच जुनं गोल बटण हलकेच मागे फिरवलं. मित्राने त्यांच्याकडे पाहिलं. दोन महिन्यांचा वाद तिथे संपला.