महसुली नोकरांच्या हातीं पिस्तूल द्यावें काय ?

नदीकांठच्या शेतकऱ्यास वाळूचें मोल निराळें सांगावयास नको. पूर्णा व खडकपूर्णा यांच्या पात्रांतील वाळू पावसाळ्याचें पाणी धरून ठेवते आणि पुढें कांठच्या विहिरींस पुरवते. तीच वाळू टिप्परांतून व ट्रॅक्टरांतून रात्रीं चोरीस जाऊं लागली म्हणजे विहिरींचे पाझर आटतात. हा उपसा अडविण्यास ज्यानें जावयाचें, तो आपल्या गांवचा तलाठी होय. अशा नोकरांस मारहाण झाल्याच्या, त्यांच्या अंगावर वाहन घातल्याच्या बातम्या वारंवार येतात. म्हणून त्यांस कामावर असतां पिस्तूल बाळगूं द्यावें, असें कित्येक सुज्ञ माणसेंही म्हणूं लागलीं आहेत.

ह्या म्हणण्यामागील दुःख खोटें नाहीं. २५ जानेवारी २०११ रोजीं मनमाडजवळ मालेगांवचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांस इंधनाची भेसळ करणाऱ्यांनीं भरदिवसां जिवंत जाळलें. एवढ्या मोठ्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याची ही गत, तर एकट्या तलाठ्याची काय कथा !

कायद्याची अडचण वाटते तितकी नाहीं. आपणांस पीकरक्षणाकरितां ठासणीची बंदूक ठेवावयाची तर परवाना काढावा लागतो. परंतु १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमानें, सरकारी नोकरानें आपल्या कर्तव्याच्या ओघांत शस्त्र बाळगलें तर त्यास तो अधिनियम लागू होत नाहीं. खरा प्रश्न पुढचा आहे. शस्त्र दिलें तरी तें चालवावयाचें केव्हां ? केवळ चोरी थांबविण्यासाठीं कोणाचा जीव घेण्याची मुभा कायदा देत नाहीं. मृत्यूचें किंवा जबर दुखापतीचें रास्त भय असावें लागतें. म्हणजे वाळू घेऊन पळणाऱ्या टिप्परावर गोळी झाडणारा तलाठी स्वतःच आरोपी व्हावयाचा. आणि अंधाऱ्या पात्रांत दहा-पंधरा माणसांनीं घेरलें असतां, ज्यास शस्त्राचा सराव नाहीं अशाच्या कमरेचें पिस्तूल कोणाच्या हातीं जाईल, हें सांगणें नको.

शिवाय दुसऱ्या दिवशीं सकाळीं हाच मनुष्य आपल्या दारीं येतो. फेरफार तोच लिहितो, गारपिटीचा पंचनामा तोच करतो. कमरेस पिस्तूल असलेल्या माणसाला ‘रावसाहेब, नुकसान कमी धरलेंत,’ असें तोंडावर कोण म्हणेल ? मला तर ही भीति पहिलीपेक्षां मोठी वाटते.

वनखात्याची गोष्ट थोडी वेगळी. संग्रामपूर तालुक्यांतील अंबाबरव्याच्या रानांत हांक मारली तर ऐकावयास कोणी नसतें, व चोरटे शिकारी शस्त्र घेऊनच येतात. मे २०१२ मध्यें, शिकाऱ्यांवर कारवाई करणाऱ्या वनरक्षकांवर गुन्हा धरला जाणार नाहीं, असें तेव्हांचे वनमंत्री पतंगराव कदम यांनीं जाहीर केलें. आसामांत २०१० सालींच वनकर्मचाऱ्यांस तशा तऱ्हेचें संरक्षण मिळालें होतें. तरीही वनरक्षकाची रोजची गांठ शिकाऱ्याशीं नसून गुराख्याशीं व मोळीवालीशीं पडते. तेव्हां तेथेंही शस्त्र शिकविलेल्या पथकाच्या हातीं असावें, प्रत्येकाच्या खांद्यावर नव्हे.

तलाठ्यास रात्रीं एकटें धाडूं नये; तहसीलदारानें सशस्त्र पोलीस बरोबर घेऊन जावें. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमांत बाजारभावाच्या पांचपटीपर्यंत दंड व वाहन जप्त करण्याचा अधिकार आहेच. तो नेटानें चालवावा. सरकारी नोकरावर हल्ला करणाऱ्याची शिक्षा महाराष्ट्रानें २०१८ सालीं दोन वर्षांवरून पांच वर्षांपर्यंत वाढविली होती. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १३२ व्या कलमांत ती दोनच वर्षांपर्यंत लिहिली आहे. पिस्तुलाची चर्चा करणाऱ्यांपैकीं किती जणांचें इकडे लक्ष गेलें ?

आणखी एक गोष्ट लिहितांना हात अडखळतो. टिप्पर बाहेरचे असतील, पण रात्रीं पात्रांत उतरणारे ट्रॅक्टर पुष्कळदां आपल्याच भाऊबंदांचे असतात. पेरणी आटोपली कीं हप्ते फेडण्यासाठीं तेच वाळूवर जातात. तलाठी ज्यास अडवितो त्याचें नांव आपणांस आधींच ठाऊक असतें, आणि दुसऱ्या दिवशीं साक्षीस बोलाविलें असतां आपण रात्रीं शेतांत नव्हतों असें सांगतों.