पैलवानाची दुपार

वळसंग आणि बोरामणी ही दोन्ही गावं दक्षिण सोलापूर तालुक्यातली. बोरामणीच्या शेख घराण्यातले तीन भाऊ महाराष्ट्र केसरी झाले: इस्माईल १९८० साली, आप्पालाल १९९२ साली आणि मुन्नालाल २००२ साली. अशा पैलवानांच्या गोष्टी सांगताना आपण त्यांचे जोर, बैठका, सपाटे मोजतो. त्यांची दुपार मात्र सांगायची राहून जाते.

तालमीत घाम दोन वेळा गाळतात, पहाटे आणि संध्याकाळी. मधल्या वेळात पोटभर जेवण, खुराक, तेल लावून अंग रगडणं आणि गाढ झोप. भर दुपारी गावभर उंडारणाऱ्या पोराला वस्ताद झापतो, कारण संध्याकाळचा दम त्या झोपेतून येतो हे त्याला अनुभवानं ठाऊक असतं.

आता वळसंगसारख्या गावातल्या कमावत्या तरुणाचा दिवस बघा. सकाळी रानात काम, नाहीतर सूतगिरणीत किंवा कारखान्यात पाळी. सोलापूरला जाऊन-येऊन प्रवास. रात्री जिम, मग मोबाईल, झोप जेमतेम पाच तास. मेहनत त्यानं पैलवानाची उचलली. दुपार त्याच्या वाट्याला आलीच नाही. सहा महिन्यांनी वजन वाढत नाही, खांदा दुखतो, आणि ‘आपण कमी पडतो’ म्हणून तो आणखी जोर लावतो. माझ्या मते चूक इथेच होते.

वजन उचलताना स्नायूवर ताण येतो आणि शरीराला निरोप जातो: इथे बांधकाम वाढवा. प्रत्यक्ष बांधकाम पुढच्या एक-दोन दिवसांत, अन्न आणि झोप मिळाल्यावर होतं. म्हणून नवशिक्यानं एकाच स्नायूला पुन्हा जड काम देण्याआधी साधारण ४८ तास जाऊ द्यावेत. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा तर स्नायूपेक्षाही सावकाश बळकट होतात. ताकद वाढल्यासारखी वाटते आणि कोपर, गुडघा कुरकुरायला लागतो, तो यामुळेच. झोपेचं मोल केवढं, हे ऑस्ट्रेलियातल्या २०२१ च्या एका छोट्या अभ्यासात दिसलं. एक अख्खी रात्र जागवल्यावर तरुणांच्या स्नायूंतली प्रथिनांची बांधणी सुमारे १८ टक्क्यांनी घटली होती. रात्रपाळी करणाऱ्यानं हा आकडा लक्षात ठेवावा.

मग मेहनत किती? आठवड्यात दोन-तीन दिवस पुरतात. प्रत्येक खेपेला ‘आणखी दोन निघाले असते’ असं वाटतं तिथे थांबावं. हात थरथरेपर्यंत रेटल्यानं होणारा जादा फायदा थोडा असतो, थकवा मात्र बराच. उसाची मोळी वाहिलेला किंवा पोती उचललेला दिवसही मेहनतीतच धरायचा. त्या संध्याकाळी जिम बुडाली तर काही बिघडत नाही. खुराकासाठी प्रथिनांच्या पावडरीच्या महागड्या डब्याचीही गरज नाही. ताकद वाढवणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे साठ किलोच्या मुलाला शंभर ग्रॅमच्या आसपास. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीस, एका अंड्यात सहा. ज्वारीची भाकरी, डाळ आणि दूध-दही त्यात भर घालतात.

अंग आंबलं तर घाबरू नये, दोन-तीन दिवसांत ते उतरतं. पण पैजेखातर, तेही सोलापूरच्या उन्हाळ्यात, सवय नसताना शेकडो बैठका मारल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर तडक दवाखाना गाठावा. स्नायू फुटून त्यातले घटक मूत्रपिंडाला इजा करत असल्याची ती खूण असू शकते.

व्यायामशाळा चालवणाऱ्यांना एक विनंती आहे. नवा मुलगा आला की किती वजन उचलतोस, हे नंतर विचारा. आधी विचारा, दिवसभर काय काम करतोस आणि रात्री किती वाजता झोपतोस.