विश्लेषण : कोरियाच्या सैनिकांना तलवार कुणी शिकवली? युद्धकलेच्या प्रशिक्षणामागे पराभवाचा धडा कसा?

तायक्वांदो म्हटले की हवेत झेपावून मारलेली लाथ डोळ्यांसमोर येते. पण कोरियाच्या सैन्यात हातघाईच्या लढाईचे शिस्तबद्ध प्रशिक्षण रुजले ते लाथेमुळे नव्हे, तर तलवार आणि भाल्यामुळे. तेही एका दारुण पराभवानंतर.

१५९२ मध्ये काय घडले?

जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या फौजा मे १५९२ मध्ये बुसानला उतरल्या आणि अवघ्या तीन आठवड्यांत राजधानी सोल त्यांच्या हाती पडली. राजा सोंजोला उत्तरेकडे पळ काढावा लागला. कोरियाच्या जोसॉन राजवटीच्या सैन्याची भिस्त धनुष्यबाणावर होती. जपान्यांकडे मात्र लांब पल्ल्याच्या बंदुका होत्या आणि शत्रू जवळ आला की तलवार चालवण्याचा दीर्घ सरावही होता. अंतर मिटले की कोरियन शिपाई हतबल होत असे.

मग प्रशिक्षण कसे सुरू झाले?

१५९३ च्या सुरुवातीला चीनच्या मिंग सैन्याच्या मदतीने प्योंगयांग परत मिळाले. त्या सैन्यातील दक्षिणेकडच्या तुकड्या सेनापती छी जिग्वांग याच्या पद्धतीने लढत होत्या. जपानी चाच्यांशी झुंजताना त्याने ही पद्धत विकसित करून ग्रंथात मांडली होती. सोंजोने तोच मार्ग धरला. त्याच वर्षी ‘हुल्यॉन दोगाम’ हा प्रशिक्षण विभाग स्थापन झाला आणि चिनी प्रशिक्षकांकडून कवायत शिकणे सुरू झाले. प्रांतांत उभारलेल्या नव्या पथकांत सामान्य शेतकऱ्यांबरोबर गुलामांनाही भरती केले गेले.

पुस्तकाची गरज का भासली?

परदेशी प्रशिक्षक कायम राहणार नव्हते. म्हणून हान ग्यो या अधिकाऱ्याने १५९८ मध्ये ‘मुये जेबो’ ही सचित्र पुस्तिका सिद्ध केली. काठी, वेताची ढाल, फांद्यांसह वापरायचा लांब बांबू, लांब भाला, त्रिशूळ आणि दोन्ही हातांनी धरायची तलवार अशी सहा शस्त्रे तीत होती. विद्वानांच्या चिनी लिपीबरोबरच त्यात कोरियन लिपीतही स्पष्टीकरण होते. शिपायाला समजले नाही, तर पुस्तकाचा उपयोग काय, हा त्यामागचा साधा विचार.

२४ कलांचा ग्रंथ कसा घडला?

१७५९ मध्ये युवराज सादोच्या देखरेखीखाली ‘मुये सिन्बो’ तयार झाले आणि कलांची संख्या १८ झाली. तीनच वर्षांनी, १७६२ मध्ये, वडील राजा यॉन्गजो यांच्या आज्ञेने सादोला तांदळाच्या पेटाऱ्यात कोंडण्यात आले आणि तिथेच त्याचा अंत झाला. त्याचा मुलगा जोंगजो राजा झाल्यावर त्याने वडिलांचे काम पुढे नेले. त्यात घोड्यावरच्या सहा कलांची भर पडली आणि १७९० मध्ये २४ कलांचा ‘मुये दोबो तोंगजी’ प्रसिद्ध झाला. यी दोक-मू व पाक जे-गा या विद्वानांबरोबर बेक दोंग-सू हा प्रत्यक्ष शस्त्र चालवणारा योद्धाही या कामात होता. विशेष म्हणजे ज्या जपान्यांनी देश उद्ध्वस्त केला, त्यांच्या तलवारबाजीलाही ग्रंथात स्वतंत्र प्रकरण मिळाले. कलेचे मूळ कुठले, हेही न लपवता नोंदवले गेले.

तायक्वांदोशी याचा संबंध काय?

थेट परंपरा सांगणे कठीण. ग्रंथात मुष्टियुद्धाचे एक प्रकरण आहे, पण भर शस्त्रांवर आहे. १९०७ मध्ये जपानच्या दबावाखाली कोरियाचे सैन्य बरखास्त झाले आणि १९१० मध्ये देशच जपानच्या ताब्यात गेला. स्वातंत्र्यानंतर ज्यांनी तायक्वांदो घडवले, त्यांपैकी अनेकांनी जपानी कराटेचे शिक्षण घेतले होते. सेनाधिकारी चोई होंग-ही हे त्यांपैकीच एक. १९५५ मध्ये ‘तायक्वांदो’ हे नाव पुढे आले, त्यात त्यांचा पुढाकार होता. सैन्यातूनच या कलेचा झपाट्याने प्रसार झाला. १९६४ मध्ये व्हिएतनामला गेलेल्या पहिल्या दक्षिण कोरियन तुकडीत फिरत्या रुग्णालयाबरोबर १० तायक्वांदो प्रशिक्षकही होते. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये तायक्वांदो पदकाचा खेळ झाला.

आज या ग्रंथाचे महत्त्व काय?

२०१७ मध्ये उत्तर कोरियाच्या प्रस्तावावरून ‘मुये दोबो तोंगजी’ची युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद झाली. दक्षिण कोरियातही त्यातील चित्रांवरून जुन्या कला पुन्हा बसवल्या जातात. हजारो वर्षांच्या अखंड परंपरेचा दावा दोन्हीकडे आवडीने केला जातो. ग्रंथ मात्र वेगळेच सांगतो : जे येत नव्हते ते कोरियाने मित्राकडून शिकले, शत्रूकडूनही शिकले आणि पुन्हा विसरू नये म्हणून लिहून ठेवले.