शेवाळ काय सांगते?

शेवाळ म्हटले की आपल्याला आठवते ते पाय घसरणे! मीही त्याकडे याहून अधिक लक्ष कधी दिले नव्हते. गेल्या सुट्टीत मात्र गावाहून परतताना दोन बाटल्या भरून आणल्या. एकीत ओढ्यातील दगडांवरून खरवडलेला तपकिरी, बुळबुळीत थर. दुसरीत गावतळ्याचे पाणी. पाणी दिसायला बरे होते, थर किळसवाणा.

कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली निकाल उलटा लागला. थरात होते नाना आकारांचे डायाटम, म्हणजे सिलिकाच्या नक्षीदार कवचात राहणारी एकपेशीय शैवाले. तळ्याच्या पाण्यात मात्र मोजक्याच प्रकारांची गर्दी.

असे का व्हावे? तळ्याला गावचे गटार मिळते. सांडपाण्यातील घाण कुजताना प्राणवायू खर्ची पडतो. नायट्रोजन, फॉस्फरस वाढतात. हे सोसणारी थोडी शैवाले माजतात, बाकीची नाहीशी होतात. जर्मनीत कोल्कविट्झ व मार्सन यांनी १९०८ सालीच अशा वनस्पतींची प्रतवारी लावली. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेतील पामर यांनी घाण सोसणाऱ्या २० प्रजातींना १ ते ५ गुण दिले. बेरीज २० किंवा अधिक झाली, तर सेंद्रिय प्रदूषण भारी समजावे. आमच्या तळ्यात युग्लीना ५, ऑसिलाटोरिया ५, क्लॅमिडोमोनास ४, सीनेडेस्मस ४ आणि नॅव्हिक्युला ३. बेरीज २१!

मात्र यांपैकी एखादे शैवाल दिसले म्हणून पाण्याला नावे ठेवू नयेत. नॅव्हिक्युला तर ओढ्यातही होते. एका जातीवर न विसंबता सबंध समूह पाहावा, हे रूथ पॅट्रिक यांनी १९४९ मध्येच दाखविले होते. रासायनिक परीक्षा नमुना घेतला त्या घटकेपुरते सांगते. शेवाळाचा समूह मागल्या कित्येक दिवसांची हकीकत सांगतो.

हे सारे काकांना सांगितले. ते म्हणाले, "अरे, ते राहू दे. आपली गुरे तिथेच पाणी पितात. पाजायचे की नाही, एवढे सांग."

मी निरुत्तर झालो. पाण्यात रोगजंतू आहेत की नाहीत, हे या बेरजेवरून कळत नाही. त्यासाठी जंतुपरीक्षाच हवी. पण ती करून घ्यायला हवी, एवढे हा २१ चा आकडा नक्की सांगतो. पुढच्या सुट्टीत गटाराच्या तोंडाशी आणि पलीकडच्या काठाशी वेगवेगळे नमुने घेणार आहे. ते पाहून ग्रामपंचायतीकडे अर्ज करायचा, असे काकांनी व मी ठरविले आहे.