पेल्यांवरचे पराक्रमी

इ. स. १७३९ च्या नोव्हेंबरात ॲडमिरल व्हर्ननने पनामाच्या किनाऱ्यावरील पोर्टोबेलो हे स्पॅनिश बंदर अवघ्या सहा जहाजांनिशी घेतले आणि स्टॅफर्डशायरच्या कुंभारांना नवा विषय मिळाला. व्हर्नन, त्याची जहाजे व ते बंदर यांची उठावाची चित्रे असलेले पेले इंग्लंडात विकले जाऊ लागले. दोनच वर्षांनी कार्ताहेनाच्या वेढ्यातून हाच व्हर्नन हात हलवीत परतला. त्या न झालेल्या विजयाची पदके मात्र आधीच पाडून झाली होती! संग्रहालयांतील अशा वस्तू विजयांच्या साक्षीदार मानण्याचा मोह होतो. वस्तुतः त्या साक्ष देतात ती बाजाराची.

१७५६ मध्ये लिव्हरपूलच्या सॅडलर व ग्रीन या जोडीने सहा तासांत बाराशेहून अधिक फरशा छापल्याचे शपथेवर सांगितले. ताम्रपटावर चित्र एकदा कोरले, की त्याचा ठसा कागदावर आणि कागदावरून भांड्यावर उमटवावयाचा. या युक्तीने वीरपूजा मध्यमवर्गाच्या चहाच्या मेजावर आली.

या व्यवहाराचे मर्म जोसाया वेजवुड या कुंभकाराने पुरते ओळखले होते. १७७८ ची उशाँची आरमारी लढाई अनिर्णित राहिली. तिचा सेनापती केपेल याच्यावर खटला झाला. फेब्रुवारी १७७९ मध्ये तो निर्दोष सुटला आणि लंडनमध्ये रोषणाई झाली. त्या जल्लोषात सरकारविरोधी राजकारणाचा वाटा मोठा होता. केपेलची प्रतिमा वेळेवर हाती असती, तर तिच्या जोरावर हजार पौंडांचा माल खपला असता, अशी हळहळ वेजवुडने आपल्या भागीदारास लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली आहे. विजय नसला तरी चालेल, गर्दी हवी!

पुढे रॉडनी, डंकन आणि १८०५ च्या ट्रफाल्गरनंतर नेल्सन हेही याच वाटेने घरांत शिरले. नेल्सन तर विजयाच्या क्षणीच मरण पावलेला. कुंभारांना याहून अधिक काय हवे?

आणि ज्यांच्या बळावर हे सेनापती लढले, ते खलाशी? त्यांतील कित्येकांना सक्तीने धरून नेलेले असे. सप्तवार्षिक युद्धात (१७५६–६३) भरती झालेल्या सुमारे १,८५,००० खलाशांपैकी, तत्कालीन हिशेबानुसार, लढाईत पडले १,५१२; रोगाने मेलेले वा बेपत्ता झालेले सुमारे १,३४,०००. भांड्यांवर हा खलाशी बहुधा दोनच प्रसंगी दिसतो: किनाऱ्यावर प्रेयसीचा निरोप घेताना आणि सुखरूप परतल्यावर तिला भेटताना.