दान इमारतीला आणि दान उपक्रमाला

विद्यादान हा जैन समाजाचा जुना वारसा आहे. एकट्या सोलापुराचा विचार केला तरी 'जैन बोधक' सुरू करून समाजाला वाचनाची आणि विचाराची गोडी लावणारे शेठ हिराचंद नेमचंद दोशी आणि श्राविका संस्थेच्या द्वारे स्त्रीशिक्षणाला आयुष्य वाहिलेल्या पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा ही नावे सहज ओठांवर येतात. आजही नवी पेठेतील पेढ्यांवर शाळांचे विनंतीअर्ज येतात आणि सहसा रिकाम्या हाताने परत जात नाहीत. वर्गखोली, बाके, संगणक यांसाठी दाते पुढे येतात. मात्र विद्यार्थ्यांनी स्वतः योजलेल्या समाजोपयोगी उपक्रमाला दाता मिळणे कठीण जाते. रक्कम लहान असते, फलक लावण्यास भिंत नसते आणि मुलांच्या हाती पैसा द्यावा कसा, ही शंका मनात असते.

या शंकेचे उत्तर समाजाच्याच इतिहासात आहे. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. त्यासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले आणि गावोगावच्या गृहिणींनी मुष्टिफंडात मूठमूठ धान्य घातले. पण विद्यार्थी नुसते घेणारे राहिले नाहीत. शेतीकाम, स्वयंपाक, स्वच्छता ही कामे त्यांच्याकडे होती. 'कमवा आणि शिका' ही योजना या श्रमांतूनच उभी राहिली. मदत आणि जबाबदारी एकाच हाताने दिली, म्हणून त्या मुलांत स्वाभिमान टिकला.

आजच्या शाळेत हेच तत्त्व लहान प्रमाणात आणता येईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडली आहे. समजा, आठवीच्या मुलांनी शाळेतील आणि आसपासच्या वस्तीतील गळके नळ शोधून दुरुस्त करून घेण्याचे ठरविले. सोलापूरकराला पाण्याचे मोल सांगावे लागत नाही. या कामाला वॉशर, नव्या तोट्या आणि प्लंबरची मजुरी एवढाच खर्च येईल. परंतु कोणत्या घरी आधी जायचे, दर कोठे विचारायचे, पैसे अपुरे पडले तर काय सोडायचे, हे निर्णय मुलांनी घ्यायचे आहेत. चारित्र्याचे शिक्षण या निर्णयांत आहे. भाषणाने ते होत नाही.

व्यवस्था मात्र काटेकोर हवी. देणगी मुलांच्या वा शिक्षकांच्या नावे न देता संस्थेच्या खात्यात द्यावी आणि उपक्रमाचे नाव लिहिलेली पावती घ्यावी. दोन हजारांहून अधिक रोख देणगीवर आयकराची वजावट मिळत नाही, म्हणून धनादेश वा ऑनलाइन भरणा बरा. रक्कम दोन-तीन हप्त्यांत द्यावी. पहिल्या हप्त्याचा हिशेब पाहून दुसरा. जमाखर्चाची वही मुलांनी लिहावी, शिक्षकांनी तपासावी आणि शेवटी पालकांच्या सभेत ती मुलांनीच वाचून दाखवावी. शिल्लक उरली तर तीही सांगावी, उपक्रम फसला तर तेही सांगावे.

उपक्रम फसेल या भीतीने हात आखडण्याचे कारण नाही. व्यापारी घराण्यांत मुलाला प्रथम गल्ल्यावर बसवितात तेव्हा दोन-चार चुका होणार, हे वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. त्या चुकांची किंमत लहान असतानाच त्या होऊ देण्यात शहाणपण असते. जो विश्वास घरच्या मुलाला मिळतो, तो शाळेतील कोणत्याही मुलाला, मग तो कामगाराचा असो वा कारकुनाचा, मिळाला पाहिजे.

अणुव्रत म्हणजे लहान व्रत. श्रावकाच्या आचाराची उभारणी अशा लहान नियमांवरच होते. पर्युषणात दानाचा संकल्प करताना प्रत्येक कुटुंबाने जवळच्या शाळेतील एका उपक्रमाचा भार घ्यावा आणि वही वाचली जाईल त्या सभेस आपल्या मुलांसह उपस्थित राहावे. देणगी देताना केवळ पैसा दिला जातो. सभेस बसल्याने त्या मुलांच्या कामाला समाजाची मान्यता मिळते आणि घरच्या मुलांनाही दान कसे करावे, हे समजते.