हैदराबादचा करार का फिसकटला?

पुण्याहून आगगाडीने सोलापूरला जावे आणि तिथून मोटारीने नळदुर्ग गाठावे. वाटेत आपल्याला कुणी अडवत नाही. पण आपल्या आज्या-पणज्यांना या वाटेवर अडवत असत. सोलापूर जिल्हा सरला, की निजामाची हद्द लागे. म्हातारी माणसे तिला 'मोगलाई' म्हणत. हद्दीवर करोडगिरीचा नाका असे. करोडगिरी म्हणजे जकात. नाक्यावर गाठोडे सोडून दाखवायचे, जकात भरायची, मग पुढे जायचे. खिशातला पैसाही वेगळा. इकडे कलदार रुपया, तिकडे निजामाचा हाली सिक्का.

हे राज्य म्हणजे हैदराबाद संस्थान. त्यात 16 जिल्हे होते. 8 तेलुगू, 5 मराठी आणि 3 कानडी. मराठी जिल्हे म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. यालाच आपण मराठवाडा म्हणतो. संस्थानची वस्ती दीड कोटीच्या वर होती. त्यात शंभरात सुमारे 85 माणसे हिंदू. राजा मुसलमान, त्याचे नाव मीर उस्मान अली खान. राजाचा धर्म एक आणि रयतेचा दुसरा, एवढ्याने काही बिघडत नाही. बिघडले ते वेगळ्याच गोष्टीने. राज्य कसे चालावे, हे रयतेला कुणी विचारतच नव्हते.

1947 साली इंग्रज जायला निघाले. बहुतेक संस्थाने भारतात आली. जून 1947 मध्ये निजामाने जाहीर केले, की आपण भारतात जाणार नाही आणि पाकिस्तानातही जाणार नाही. आपण स्वतंत्र राहणार. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. हैदराबादला समुद्र नाही, बंदर नाही. चारी बाजूंनी भारत. मीठ आणायचे तरी भारतातूनच यायचे. घराच्या मधल्या खोलीने म्हणावे, की मी या घरातली नाही, तसे हे झाले.

मग दिल्लीने लगेच फौज का पाठवली नाही? त्या वेळी पंजाबात दंगली पेटल्या होत्या. काश्मीरात लढाई जुंपली होती. शिवाय बोलण्याने काम होत असेल तर रक्त कशाला सांडायचे, असाही विचार होता. म्हणून बोलणी सुरू झाली.

पहिला करार झाला त्याला 'जैसे थे करार' म्हणतात. म्हणजे काय, ते पाहू. दोन भावांचा बांधावरून तंटा आहे. पंच म्हणतात, "निकाल लागेपर्यंत बांध आहे तिथंच राहू द्या. कुणी कुदळ लावायची नाही." तसाच हा करार. त्याची मुदत एक वर्ष. इंग्रजांच्या काळी जो व्यवहार होता, तोच तेवढे दिवस चालू ठेवायचा.

पण हा साधा करारही सुखाने झाला नाही. ऑक्टोबर 1947 मध्ये निजामाची माणसे दिल्लीहून मसुदा ठरवून आली. त्यांत छत्तारीचे नवाब होते आणि वॉल्टर मॉंक्टन नावाचे इंग्रज वकील होते. ते पुन्हा दिल्लीला निघणार, तोच पहाटे हजारोंच्या जमावाने त्यांची घरे वेढली. हा जमाव रझाकारांचा होता. रझाकार म्हणजे खरे तर स्वयंसेवक. पण हे स्वयंसेवक हत्यारे घेऊन फिरत. त्यांचा पुढारी कासीम रझवी. हा मूळचा लातुरात वकिली करणारा. निजामाने मान तुकवली. जुने शिष्टमंडळ गेले, नवे आले. आणि गंमत पाहा, जवळपास त्याच मसुद्यावर 29 नोव्हेंबर 1947 ला सही झाली. एक महिना वाया गेला. पण त्या महिन्यात साऱ्यांना एक गोष्ट कळली. निजामाच्या शब्दाला निजामाच्याच राजधानीत किती वजन आहे, ते दिसले.

पुढे मीर लायक अली हे निजामाचे दिवाण झाले. भारताच्या वतीने कन्हैयालाल मुन्शी हैदराबादला जाऊन राहिले. कागदावर शांतता होती. पण हैदराबादने पाकिस्तानला 20 कोटी रुपयांचे कर्ज दिले. भारताचा रुपया आपल्या राज्यात चालू नये असा हुकूम काढला. सिडने कॉटन नावाचा एक वैमानिक रात्री विमानाने चोरून हत्यारे आणू लागला. भारतानेही माल अडवून धरला. करार मोडला कोणी, यावर दोन्हीकडून पत्रांचे ढीग जमले.

खेड्यातल्या माणसाला त्या पत्रांशी काय करायचे? त्याच्या दारात रझाकार येत होते. गावे लुटली जात होती, घरे जाळली जात होती. बायकापोरे घेऊन लोक सोलापूर, नगर या जिल्ह्यांत पळून येत होते. मे 1948 मध्ये गाणगापूर स्टेशनात मद्रास-मुंबई गाडीतल्या उतारूंवर हल्ला झाला. तीच गाडी पुढे पुण्यावरून जाते. तेव्हा ही गोष्ट पुण्याच्या माणसालाही लांबची राहिली नव्हती. संस्थानातल्या चळवळीचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ तर तुरुंगातच होते. रझाकारांना सगळेच मुसलमान मानत होते असेही नाही. शोएबुल्ला खान या संपादकाने भारतात सामील व्हा असे लिहिले. ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी त्याला हैदराबादेत ठार मारले.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. लॉर्ड माउंटबॅटन हे गव्हर्नर जनरल 21 जून 1948 ला विलायतेला परत जाणार होते. जाण्याआधी हा तंटा मिटावा, अशी त्यांची फार इच्छा. म्हणून जूनमध्ये नवा मसुदा झाला. संरक्षण, परदेशांशी संबंध आणि दळणवळण या तीन गोष्टी भारताकडे. बाकी कारभार हैदराबादकडे. रझाकार संघटना हळूहळू मोडायची. लोकांना जबाबदार असे सरकार आणायचे. आणि भारतात यायचे की नाही, हे सार्वमताने, म्हणजे लोकांना विचारून ठरवायचे.

निजामाची गादी राहत होती. मानही राहत होता. सरदार पटेल तेव्हा आजारातून उठून देहरादूनला विश्रांती घेत होते. त्यांना हा मसुदा फार सैल वाटला. तरी माउंटबॅटन यांनी गळ घातली आणि सरदारांनी मान्यता दिली.

हैदराबादने मात्र नकार दिला. लायक अली मसुदा घेऊन गेले आणि नव्या अटी घेऊन आले. जूनच्या मध्यास बोलणी तुटली. माउंटबॅटन निघून गेले.

नकार का दिला? आमच्या मते याचे उत्तर त्या मसुद्यातच आहे. सार्वमत घेतले तर निकाल काय लागेल, हे निजामाला ठाऊक होते. आणि रझाकार मोडायचे कोणी? ज्यांनी त्याच्या माणसांची घरे वेढली, त्यांना घरी जा म्हणायची त्याची छाती नव्हती. यापेक्षा चांगला करार निजामाला पुन्हा मिळणार नव्हता, आणि मिळाला नाही.

पुढचे लवकर सांगतो. भारतीय फौजेच्या दक्षिण विभागाचे मुख्य ठाणे आपल्या पुण्यात आहे. तेव्हाही होते. राजेंद्रसिंहजी हे त्याचे सेनापती. मोहीम या ठाण्याच्या हाताखाली झाली. 13 सप्टेंबर 1948 ला जनरल चौधरी यांची मुख्य फौज सोलापूरकडून निघाली आणि नळदुर्गवरून आत शिरली. हैदराबादने संयुक्त राष्ट्रसंघाकडे तक्रार नेली होती. तिची सुनावणी पॅरिसला सुरू होते न होते, तोच 17 तारखेला निजामाने हार मानली. पाच दिवसांत आटोपले. लोक त्याला पोलीस ॲक्शन म्हणतात.

पण इथे थांबलो तर अर्धेच सांगितले असे होईल. फौज आली आणि काही ठिकाणी लोकांनी सूड घेतला. ज्यांनी कधी काठी उचलली नाही असे गरीब मुसलमान त्यात मारले गेले. दिल्ली सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती चौकशीला पाठवली. कमीत कमी 27 ते 40 हजार माणसे मेली असावीत, असा समितीचा अंदाज होता. सर्वांत वाईट हाल झाले ते उस्मानाबाद, नांदेड, गुलबर्गा आणि बिदर या जिल्ह्यांत. हा अहवाल कित्येक वर्षे लोकांपुढे आला नाही. जूनमध्ये सही झाली असती, तर यातली किती माणसे वाचली असती, याचा हिशेब कोण करणार!

निजामाचे पुढे फारसे बिघडले नाही. 1950 ते 1956 पर्यंत तो राजप्रमुख होता. लायक अली 1950 मध्ये पहाऱ्यातून निसटून पाकिस्तानात गेले. कासीम रझवीला शिक्षा झाली. त्याचे काही दिवस पुण्यात येरवड्याच्या तुरुंगात गेले. 1957 मध्ये तो सुटला आणि तोही पाकिस्तानात गेला.

आणि ते सार्वमत? ते कधी झालेच नाही. नोव्हेंबर 1949 मध्ये निजामाने फर्मान काढून भारताची घटना मान्य केली. मराठवाड्याच्या माणसाने पहिले मत टाकले ते 1952 च्या निवडणुकीत.